एकट्याचा वाद्यमेळ

कवीने लिहावे, संगीतकाराने चाल बांधावी, गाणाऱ्याने गावे आणि वादकांनी मान खाली घालून वाजवावे, ही गाण्याच्या धंद्यातली वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ही सारी कामे एकाच माणसाने केली असे कुणी सांगितले, तर आपण प्रथम त्याच्या हौसेचे कौतुक करतो आणि मग हळूच विचारतो, "का हो, माणसे मिळाली नाहीत वाटते?" गोव्याच्या रेमो फर्नांडिसविषयी हाच प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचे उत्तर असे, की माणसे मिळाली असती. मिळाली नाही ती कंपनी. आणि ती मिळाली नाही हे बरेच झाले, असे माझे मत आहे.

रेमोचा जन्म 8 मे 1953 चा, पणजीचा. (मोठ्या माणसाला अरेतुरे करतो आहे, पण गाणाऱ्याला आपल्याकडे प्रेमाने असेच म्हणतात.) गोवा मुक्त झाला तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. शाळेत असतानाच त्याने मित्रांबरोबर बँड काढला, पुढे मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकला आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गिटार खांद्याला लावून युरोप आणि उत्तर आफ्रिका पालथी घालून आला. परतल्यावर त्याने मुक्काम केला तो मुंबईत नव्हे, तर बारदेशात, शिवोलीच्या वडिलोपार्जित घरी. मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांना त्याची इंग्रजी गाणी नको होती. हिंदुस्थानी माणसाने स्वतः रचलेली इंग्रजी गाणी विकत कोण घेणार, हा त्यांचा हिशेब. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो चुकीचा होता असेही म्हणवत नाही. रेमोने मग घरातच चार मार्गिकांचे ध्वनिमुद्रण यंत्र मांडले आणि कामाला लागला.

हे यंत्र काय करते ते थोडे सांगायला हवे, कारण रेमोच्या गाण्याचे सगळे मर्म त्यात आहे असे मला वाटते. मलाही ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राने समजावून दिले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार अरुंद वाटा असतात; दोन एका बाजूच्या, दोन उलट्या बाजूच्या. हे यंत्र चारही वाटा एकाच दिशेने वापरते आणि प्रत्येक वाट स्वतंत्र भरू देते. म्हणजे पहिल्या वाटेवर ताल भरावा, तो ऐकत ऐकत दुसरीवर बेस गिटार वाजवावी, दोन्ही ऐकत तिसरीवर गिटार. आता या तिन्ही एकत्र करून चौथ्या वाटेवर ओतायच्या, की पहिल्या तीन पुन्हा रिकाम्या! त्यांवर बासरी घ्या, आवाज घ्या, त्या आवाजाला साथ देणारा आपलाच दुसरा आवाज घ्या. मात्र यात दोन फटके बसतात. प्रत्येक ओतणीबरोबर फितीची खरखर वाढते. आणि एकदा ओतलेले मिश्रण पुन्हा वेगळे करता येत नाही. ताल जरा मोठा झाला, तर तो मोठाच राहणार. भाजीत मीठ जास्त पडल्यावर गृहिणीची जी अवस्था होते, तीच इथे.

याचा अर्थ असा, की पहिला ठोका वाजवण्यापूर्वी शेवटचा सूर कुठे बसणार हे डोक्यात पक्के असावे लागते. घराचा आराखडा आधी, पाया मग. वास्तुशास्त्राची पदवी वाया गेली म्हणून त्याच्या आप्तेष्टांपैकी कुणी हळहळले असेल, तर त्यांना सांगावेसे वाटते, की ती वाया गेलेली नाही. त्या काळातल्या त्याच्या गाण्यात एकही वाद्य उगाच आत शिरलेले नाही. जागाच नव्हती! पुढे मोठमोठे स्टुडिओ, अमाप मार्गिका आणि संगणक आल्यावर केवळ हात मोकळा म्हणून भरलेले सूर आपण रोज ऐकतो. त्यापुढे ही काटकसर कानाला फार सुखावते.

'गोअन क्रेझी' ही पहिली कॅसेट 1984 ची. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्ये त्याने वाजवलेली, सारे आवाज त्याचे, वेष्टनावरचे चित्रही त्याचेच. आणि हे सगळे झाल्यावर स्वतःच्या पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी माल पोचवणाराही तोच. पुढच्या वर्षी जुन्या गोमंतकीय गाण्यांची 'ओल्ड गोअन गोल्ड', मग 1986 मध्ये 'पॅक दॅट स्मॅक' आणि 1987 मध्ये 'बॉम्बे सिटी'. ज्या कंपन्यांनी दार लावले होते, त्यांना ते उघडावे लागले, पण तोवर गोव्यात त्याचे नाव घरोघरी झाले होते.

नाव झाले, या दोन शब्दांना गोव्याच्या संदर्भात फार मोठा अर्थ आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून गावोगावच्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. ती मुले मोठी होऊन पोटासाठी मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ रचला. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये प्यारेलालांनी गुरूचे नाव नायकाच्या तोंडी घातले, तेव्हा कुठे ते सामान्य श्रोत्याच्या कानावर पडले, आणि तेही विनोदी गाण्यातून. दोन पिढ्या गोवेकर वाजवत राहिले आणि पडद्यावर नावे दुसऱ्यांची आली. याच मातीतल्या एका पोराने शेवटच्या टाळीपर्यंत सगळे स्वतः वाजवून कॅसेटवर फक्त आपले नाव छापले, तेव्हा त्यात हौस किती आणि न बोलता केलेली वसुली किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला वसुलीचा भाग मोठा दिसतो.

त्याच्यावरचा खरा आक्षेप भाषेचा आहे. त्याच वर्षांत गोव्यात मराठी की कोकणी यावरून रान पेटले होते. 1987 मध्ये राजभाषेचा कायदा झाला आणि गोवा स्वतंत्र राज्यही झाले. या धुमश्चक्रीत हा गृहस्थ इंग्रजीत गात होता, म्हणजे दोन्ही पक्षांना सारखाच परका! त्याने कोकणीत आणि पोर्तुगीजमध्येही गायिले, पण त्याचा जीव इंग्रजीत रमला हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. तरीही त्याची गाणी मला विलायती गाण्यांपेक्षा लवकर कळतात, याचे कारण शोधू गेलो तर ते शब्दांत नाही, उच्चारांत आणि खोडकरपणात आहे. ते पणजीच्या बाजारात ऐकू येणारे इंग्रजी आहे. चालीखाली मांडो-दुलपदांचा झोका आहे. परभाषा उसनी घेऊन तिला स्वतःच्या अंगणात नाचवणे हे अनुकरण नव्हे. अनुकरण करणारा लंडनच्या माणसासाठी गातो. रेमो शेजाऱ्यासाठी गात होता.

शेजाऱ्यासाठी गाण्यात धिटाई लागते. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना त्याला त्यांच्यासमोर गायला बोलावले. अशा वेळी स्वागतगीत म्हणायची रीत आहे. त्याने पंतप्रधानांनाच उद्देशून गाणे रचले आणि त्यात गोव्याची गाऱ्हाणी मांडली. स्थानिक पुढाऱ्यांचा तिळपापड झाला. खुद्द राजीव गांधींनी मात्र गाणे आवडल्याचे कळवले, आणि वादळ निवले.

परंतु याच धिटाईने त्याचे थोडे नुकसानही केले. 'पॅक दॅट स्मॅक' हेरॉइनच्या व्यसनाविरुद्ध होते. किनाऱ्यावरच्या गावांत ते विष शिरत होते आणि त्या वेळी ते गाणे आवश्यक होते. 1992 च्या 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टु रॉक अँड रोल'मध्ये राजकारणी लोकांची हजेरी घेतली आहे. हेतू उत्तमच आहेत. पण उपदेश करायला लागले की रेमोतला खट्याळ मुलगा बाकावरून उठून टेबलामागे उभा राहतो. मी पेशाने मास्तर असल्याने ती जागा किती धोक्याची आहे हे मला ठाऊक आहे: तिथून वर्ग दिसतो, पण वर्गातली कुजबुज ऐकू येत नाही. त्याची विनोदी गाणी अजून टवटवीत आहेत, उपदेशाची त्या त्या वर्षाच्या वर्तमानपत्राबरोबर पिवळी पडली.

चित्रपटांविषयी थोडक्यात. श्याम बेनेगलांचा 1985 चा 'त्रिकाल' गोव्याचाच, त्यामुळे तिथे तो घरच्यासारखा वावरला. 1987 च्या 'जलवा'ने, 1995 मध्ये 'बॉम्बे'तल्या ए. आर. रहमानच्या 'हम्मा हम्मा'ने आणि 1998 च्या 'प्यार तो होना ही था'ने तो देशभर पोचला. त्याच साली 'ओ मेरी मुन्नी' हे त्याचे स्वतःचे हिंदी गाणेही गाजले. आवाज फक्कड आहे, वाद नाही. पण देशाला जो रेमो ठाऊक झाला, तो बहुतांशी दुसऱ्याच्या चालीवर गाणारा. शिवोलीच्या खोलीत एकट्याने उभारलेला वाद्यमेळ गोव्याबाहेर फार थोड्यांनी ऐकला.

2007 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. पुढे त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आणि पोर्तुगालला जाऊन राहिला. 2021 मध्ये त्याचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. नागरिकत्वावरून त्याच्यावर पुष्कळ राग काढला गेला. 1961 पूर्वी जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालने ही वाट मोकळी ठेवली आहे, आणि हजारो कुटुंबे तिने गेली आहेत. त्यांच्याविषयी आपण एवढे हळहळत नाही. पण शेजाऱ्यांसाठी गाणारा माणूस शेजार सोडून जातो तेव्हा लागते, हे मला समजते. तो राग एका परीने त्याच्या गाण्यालाच मिळालेली पावती आहे. मात्र ती गाणी पासपोर्टावर रचलेली नव्हती, म्हणून त्यांना या भांडणात ओढू नये.

दिवाळीच्या सुट्टीत घरात मुले जमली, तर 'गोअन क्रेझी' मिळवून त्यांना जरूर ऐकवा. शब्द कळले नाहीत तरी चालतील. फक्त सांगा, की हा ताल, ही गिटार, हे सगळे आवाज एकाच माणसाचे आहेत. कोणते वाद्य कधी आत आले ते ओळखा पाहू. मुले दोनदा ऐकतील. मग तिसऱ्यांदा, चार वाटांवरून ओतता ओतता मागे राहिलेली ती बारीक खरखर ऐकायला सांगा.