शिष्यवृत्तीच्या नियमांतील कर्ता

शासकीय मराठीवर होणारी टीका बहुधा शब्दांपाशी येऊन थांबते. ‘अनुज्ञेय’, ‘विहित’, ‘प्रतिपूर्ती’ यांसारखे शब्द दुर्बोध आहेत आणि म्हणून नियम कळत नाहीत, असे सांगितले जाते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना द्यावयाच्या शिष्यवृत्त्यांचे महाराष्ट्रातील नियम लक्षपूर्वक वाचले, तर ही टीका पुरेशी नाही असे दिसून येते. ‘अनुज्ञेय’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थी पहिल्याच अर्जाच्या वेळी शिकतो. गरजेपोटी माणूस याहून कठीण शब्द शिकत आला आहे. त्याला अखेरपर्यंत उमगत नाही ती गोष्ट निराळी. मंजूर झालेली रक्कम कोणी आणि केव्हा द्यावयाची आहे, हेच त्याला कळत नाही. याचे कारण शब्दांत नसून वाक्याच्या घडणीत आहे.

या नियमांत दोन जातींची वाक्ये शेजारी शेजारी नांदतात. विद्यार्थ्याने मुदतीत अर्ज भरावा, त्याने उत्पन्नाचा दाखला जोडावा, आधारशी संलग्न बँक खाते चालू ठेवावे, ही पहिली जात. येथे कर्ता तृतीयेत उघड उभा आहे, क्रियापद विध्यर्थी आहे, मुदत दिलेली आहे आणि ती चुकल्यास अर्ज बाद होईल हा परिणामही सांगितलेला आहे. दुसरी जात शासनाविषयीच्या वाक्यांची. ‘रक्कम अदा करण्यात येईल’ हा तिचा ठराविक नमुना. प्रयोग दोन्हीकडे कर्मणीच आहे, तेव्हा दोष कर्मणीचा नव्हे. ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय लावून कर्ता दाखविणारी रचना आपल्या व्याकरणकारांनी ‘नवीन कर्मणी’ म्हणून केव्हाच नोंदविली आहे. कर्त्यासाठी मराठीने जागा राखलेली आहे. नियमकर्त्याने ती रिकामी ठेवली. शिवाय विध्यर्थाच्या जागी भविष्यकाळ आला. विध्यर्थाने कर्तव्य सांगितले जाते, तर भविष्यकाळाने फार तर अपेक्षा व्यक्त होते. आणि जेथे तारीख यावयाची, तेथे ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे क्रियाविशेषण येऊन बसते. अशा वाक्याचा भंग कोणालाच करता येत नाही, कारण त्यात कोणी काही कबूल केलेले नसते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या प्रकारातील सर्वांत जुन्या योजनांपैकी एक. ती १९४४ मध्ये सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची आर्थिक रचना बदलली. त्यापूर्वी खर्चाचा एक ठराविक भाग राज्यांनी उचलावयाचा आणि त्यापलीकडचा केंद्राने, अशी पद्धत होती. तिच्यामुळे केंद्राचा वाटा पुष्कळ घटला होता. नव्या निर्णयाने केंद्राचे ६० व राज्याचे ४० टक्के असे सर्वसाधारण प्रमाण ठरले आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मान्य झाली. त्यातील केंद्राचा भाग ३५,५३४ कोटींचा होता. राज्याने आपला हिस्सा दिल्याची खात्री झाल्यावरच केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावयाचा, असा क्रमही घालून देण्यात आला. ही सुधारणा खरी आहे, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु क्रम म्हणजे तारीख नव्हे. पहिला हिस्सा केव्हा द्यावयाचा हे निश्चित नसेल, तर दुसऱ्याचा दिवस क्रमाने निश्चित होत नाही. पहिल्याचा विलंब तेवढा दुसऱ्यात उतरतो.

भत्त्यांचे दर मात्र याच नियमांत निःसंदिग्ध आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्यास वर्षाला १३,५०० रुपये, घरी राहणाऱ्यास ७,०००. शेवटच्या गटात अनुक्रमे ४,००० व २,५००. पहिली रक्कम बारा महिन्यांत विभागल्यास महिन्याला १,१२५ रुपये पडतात. ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविका, आणि ‘निर्वाह’ तर चालू महिन्याच्या जेवणाचाच. परीक्षा उरकल्यावर हाती पडणाऱ्या रकमेस निर्वाहभत्ता म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही असत्य आहे. तोवर खाणावळीची उधारी कोणीतरी भागविलेली असते.

‘प्रतिपूर्ती’ या शब्दाची परीक्षा याच अंगाने व्हावयास हवी. जे आधी रिते झाले ते पुन्हा भरणे, हा त्याचा अर्थ. शुल्काची प्रतिपूर्ती असे म्हणताच, ते शुल्क आधी कोणीतरी भरले आहे हे गृहीत धरले जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, मराठा व इतर मागास प्रवर्गांतील ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्या माफीचा हिशेबही शेवटी महाविद्यालयाला करावयाच्या प्रतिपूर्तीचाच. संस्था तोवर थांबली तर ठीक. न थांबली तर सावकाराकडे किंवा नातलगाकडे हात पसरावा लागतो, आणि ज्याच्या गरिबीसाठी योजना केली तेच घर शासनाला बिनव्याजी कर्ज देऊ लागते. ‘लाभार्थी’ हा शब्दही याच कुळातला. लाभाची इच्छा करणारा तो लाभार्थी. ज्याचे येणे आहे त्याला मराठीत हक्कदार म्हणतात. पेशवाईतील दक्षिणा ही निव्वळ कृपा होती आणि ती ब्राह्मणांपुरती होती, तरी श्रावण हा तिचा महिना ठरलेला असे. आजची शिष्यवृत्ती हक्क म्हणून सांगितली जाते, पण तिला महिना नाही.

यावर असे म्हटले जाईल की, निधी विधिमंडळाच्या मंजुरीवर अवलंबून असल्याने शासनाला तारखेने बांधून घेता येत नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु तो निधी येण्यापूर्वीच्या काळापुरता खरा आहे. निधी आल्यावर किती दिवसांत कोणत्या अधिकाऱ्याने काय करावे, हे सांगण्यास त्याने अडथळा येत नाही. तसे सांगणे शासकीय मराठीला अवघड जाते असेही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी आणि नियत कालमर्यादा यांची व्यवस्था केली, आणि कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपयांच्या शास्तीची तरतूदही केली. भाषा तीच, शासन तेच. तेथे कर्ता सापडला.

शिष्यवृत्तीच्या वाक्यात ‘कडून’च्या आधीची जागा भरू म्हटल्यास निदान तीन पदनामे पुढे येतात: अर्ज तपासणारे प्राचार्य, जिल्ह्यातील समाजकल्याणाचे सहायक आयुक्त आणि निधी वितरित करणारे आयुक्तालय. २०१७ पासून अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून जाऊ लागले, तेव्हापासून प्रत्येक टप्प्याची नोंद तेथे दिसते. मंजूर, वितरित आणि जमा या तीन शब्दांतील अंतर त्यामुळे विद्यार्थ्याला दिवसागणिक मोजता येते. मात्र ते अंतर किती असावे याचा नियम नसल्याने तिघांपैकी प्रत्येकाला आपले काम झाले असे सांगता येते, आणि ते खोटेही नसते.