‘म्हणे’विना भयकथा : ‘व्ही/एच/एस’ चित्रपटमालिकेतील निवेदनाचा प्रश्न

मराठीत भुताची गोष्ट सांगणारा मनुष्य ‘म्हणे’ या शब्दाचा आश्रय घेतल्यावाचून सहसा पुढे जात नाही. ‘त्या विहिरीवर म्हणे अमावास्येला दिवा दिसतो’ या वाक्यातून ‘म्हणे’ काढून टाकले, की दिवा दिसल्याची सारी जबाबदारी बोलणाऱ्याच्या माथी येते. ते ठेवले, की ती कोणा अज्ञात पूर्ववक्त्याकडे सोपविली जाते. संस्कृत व्याकरणाने वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकालासाठी लिट् हा स्वतंत्र लकार राखून ठेवला, तोही याच विवेकातून. भयकथा ही परंपरेने परोक्षाची कथा आहे. सांगणारा जिवंत परत आलेला असतो, किंवा त्याने ती परत आलेल्याकडून ऐकलेली असते.

इंग्रजीत ‘फाउंड फुटेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटप्रकाराने नेमका हा दुवाच तोडला. येथे कथेतील पात्रांनीच कॅमेरा हाती घेतलेला असतो, पात्रे नाहीशी होतात आणि फीत तेवढी मागे उरते. डॅनियल मायरिक आणि एडुआर्डो सांचेझ यांच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या चित्रपटाच्या आरंभी, १९९४च्या ऑक्टोबरात मेरीलँडमधील बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलात तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांनी केलेले चित्रण सापडले, एवढे निवेदन अक्षरांत येते. त्यापुढे सारे प्रत्यक्षच. त्या एका निवेदनाखेरीज चित्रपटात ‘म्हणे’ला जागा नाही, आणि तेही कोण करीत आहे हे कळत नाही. एका कथेपुरते हे पुरते. फीत सापडली कोणास, ती जोडली कोणी, प्रेक्षकापर्यंत आणली कोणी, हे प्रश्न विचारण्यास प्रेक्षकाला उसंत मिळत नाही.

अशा पाचसहा कथा एका चित्रपटात गुंफावयाच्या म्हटल्या, की हेच प्रश्न टाळता येत नाहीत. २०१२ साली आलेल्या ‘व्ही/एच/एस’ने हे साहस केले व त्यातून एक मालिकाच उभी राहिली. पहिल्या चित्रपटाची चौकट अशी : काही उनाड गुन्हेगारांना एका घरातून विशिष्ट फीत चोरून आणण्याचे काम मिळते, घरात दूरचित्रवाणी संचांच्या ढिगासमोर एका वृद्धाचे प्रेत बसलेले असते, ती फीत शोधण्यासाठी ते एकामागून एक फिती लावून पाहतात. प्रेतासमोर कथा उलगडत जाण्याची ही मांडणी भारतीय वाचकाला वेताळपंचविशीची आठवण करून दिल्यावाचून राहणार नाही. परंतु साम्य तेथेच संपते. वेताळाच्या प्रत्येक कथेअंती राजापुढे प्रश्न असतो. उत्तर ठाऊक असून न द्यावे तर मस्तक फुटणार, द्यावे तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जाणार. म्हणजे कथा ऐकण्याला किंमत आहे. ‘व्ही/एच/एस’मधील चोर फिती पाहतात, परंतु पाहिल्याने त्यांच्यात काही बदलत नाही, ते बळी पडतात ते प्रेक्षक म्हणून नव्हे, त्या घरात शिरले म्हणून. ईलिंग चित्रसंस्थेच्या ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) या कथासंग्रहात्मक चित्रपटात चौकट हीच अखेर सर्वांत भयंकर कथा ठरते. ‘व्ही/एच/एस’ची चौकट मात्र बहुधा फितींची पेटी उघडण्यापुरतीच राहिली.

या दुर्लक्षाची किंमत कथांनाही द्यावी लागते. पहिल्याच चित्रपटातील जो स्वानबर्ग यांची कथा संपूर्णपणे संगणकावरील दृक्संभाषणाच्या रूपाने घडते. कल्पना चांगली, अभिनयही नेटका. परंतु हे संभाषण व्हीएचएस फितीवर उतरले कसे व कशासाठी, याचा चित्रपटाला विचारच पडलेला नाही. हा तपशिलाचा कीस काढणे नव्हे. ज्या प्रकाराचा सारा प्रभाव ‘हे खरोखर नोंदले गेले’ या एका दाव्यावर उभा आहे, त्यात नोंदीचा उगम हाच कथेचा पाया असतो.

याउलट, माध्यमाच्या स्वभावातूनच भय निर्माण करणारी कथा याच मालिकेत आढळते. ग्लेन मॅकक्वेड यांच्या कथेतील खुनी कॅमेऱ्यात धड उमटतच नाही. तो जेथे असेल तेथे फीत विस्कटते, चित्र फाटते. दोष हेच चिन्ह झाले आहे. कथा अन्यथा साधारण आहे, हेही सांगितले पाहिजे.

भाषेच्या अभ्यासकाला सर्वाधिक विचार करावयास लावणारी कथा दुसऱ्या चित्रपटात (२०१३) आहे, आणि ती ‘ब्लेअर विच’च्या सांचेझ यांनीच ग्रेग हेल यांच्यासह केलेली आहे, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. शिरस्त्राणावर कॅमेरा बसवून एक मनुष्य उद्यानात सायकल चालवीत निघतो, त्याला एक चालते प्रेत चावते, आणि तोही तसेच प्रेत होतो. कॅमेरा मात्र चालूच राहतो. आरंभी जो प्रथम पुरुष होता, ‘मी पाहतो’ असे ज्याच्याविषयी म्हणता येत होते, तो मेला. परंतु पाहणे थांबले नाही. व्याकरणाला या स्थितीसाठी पुरुष नाही. पुढे त्याच्या खिशातील दूरध्वनी अभावितपणे लागतो व प्रेयसीचा आवाज ऐकू येतो. त्या आवाजाने त्या देहात क्षणभर पुन्हा ‘मी’ जागा होतो, आणि तो स्वतःवर बंदूक चालवितो. उत्तर देण्याइतकी वाणी उरलेली नाही, परंतु आपणास कोणी संबोधीत आहे एवढे कळते. संबोधन हे ‘मी’च्या आधीचे आहे, ही गोष्ट एखाद्या शास्त्रीय ग्रंथातही इतक्या थोडक्यात क्वचितच सांगितली गेली असेल. मध्येच वाढदिवसाच्या मेजवानीतील दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्रण येते व ही दोन चित्रणे जोडली कोणी हा जुना प्रश्न डोके वर काढतो, तेवढे वैगुण्य सोसावे लागते. त्याच चित्रपटातील गॅरेथ इव्हान्स व टिमो ट्जाहजान्तो यांची इंडोनेशियातील पंथाविषयीची कथा अधिक गाजली. तिचा वेग व रक्तपात विलक्षण आहेत. तरी स्मरणात राहतो तो शेवटी राक्षसाने उच्चारलेला, बापाला हाक मारणारा एक नातेवाचक शब्द. तेथेही संबोधनच.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनच्या सुमारास अशा चित्रपटांना उधाण येते. त्याचे कारण केवळ व्यापारी नाही. त्या रात्री मुले-माणसे भुतांची सोंगे घेतात, घरे भुताटकीसारखी सजविली जातात. खोटे भय हे त्या रात्री सर्वसंमत असते. ‘रेडिओ सायलेन्स’ या गटाने पहिल्या चित्रपटातील शेवटच्या कथेत याचाच उपयोग केला. १९९८च्या हॅलोविन रात्री काही मित्र मेजवानीला निघतात, त्यांतील एकाच्या अस्वलाच्या सोंगात कॅमेरा दडविलेला आहे. ते चुकीच्या घरात शिरतात आणि तेथे जे दिसते त्याला सजावट समजून वाखाणतात. माळ्यावर बांधलेली स्त्री व तिच्याभोवतीची माणसे दिसल्यावरही काही क्षण त्यांना हा खेळच वाटतो. फाउंड फुटेज खोट्याला खरे म्हणून दाखविते, हॅलोविन खऱ्याला खोटे म्हणून पाहावयास शिकविते; या दोहोंची गाठ येथे पडली आहे. बीबीसीने १९९२च्या हॅलोविन रात्री ‘घोस्टवॉच’ हे नाटक प्रत्यक्ष प्रक्षेपणाच्या स्वरूपात, मायकेल पार्किन्सन यांना त्यांच्याच नावाने निवेदक करून सादर केले, तेव्हा अनेक प्रेक्षकांनी ते खरे मानले. तेथे फसवणूक प्रेक्षकाची होती. येथे पात्रांची आहे आणि प्रेक्षक त्यांच्याआधी शहाणा होतो. भय त्यामुळे उणावत नाही, उलट त्यात कीव मिसळते.

२०२१ पासून ही मालिका जवळजवळ दरवर्षी एक चित्रपट देऊ लागली आणि प्रत्येकाला एखादे साल वा विषय नेमून देऊ लागली. या नेमाने पुष्कळदा जुन्या फितींच्या रंगांचे व खरखरीचे अनुकरण तेवढे हाती आले. घरगुती वापराचे व्हीसीआर यंत्र बनविणाऱ्या शेवटच्या कारखानदारानेही २०१६ साली उत्पादन बंद केले; आता फीत ही वस्तू न राहता पोशाख झाली आहे. परंतु २०२५च्या ‘व्ही/एच/एस/हॅलोविन’मध्ये अ‍ॅलेक्स रॉस पेरी यांची ‘किडप्रिंट’ ही कथा याला अपवाद आहे. मूल हरवल्यास त्याची ओळख पटावी म्हणून आईबापांना त्याची चित्रफीत करून देणाऱ्या दुकानाची ही कथा. मूल कॅमेऱ्यासमोर उभे राहते. ते नाहीसे होईल या शक्यतेपोटीच ही नोंद होत असते. फीत कोणी केली, का केली, ती कोणी जपून ठेवली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिल्या दृश्याआधीच दिलेली आहेत, आणि प्रेक्षकाला ती नको होती.