अवर्षणप्रदेश आणि गृहशोभा

वाळवंटापासून स्फूर्ती घेतल्याचे सांगणारी गृहशोभा बहुधा रंगापाशीच थांबते. वाळूच्या छटेच्या भिंती, निवडुंगाची चित्रे, कोपऱ्यात एखादे मातीचे भांडे, एवढ्या सामग्रीवर दालनाला मरुभूमीचे रूप आले असे मानले जाते. रूक्ष भूमीची कला खरोखर अशी उपजते काय, हा प्रश्न कवठे महांकाळच्या परिसरात तपासून पाहण्याजोगा आहे.

शास्त्रीय अर्थाने हा प्रदेश वाळवंट नव्हे. वार्षिक २५० मिलिमीटरांहून कमी पर्जन्य ही वाळवंटाची रूढ मर्यादा होय. येथील पाऊस तिच्याहून अधिक आहे. तथापि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सांगली जिल्ह्याचा हा पूर्वभाग मुरमाड माळ, विरळ झाडी व वारंवारचे अवर्षण यांसाठी ओळखला गेला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याने त्याच्या काही भागाचे रूप पालटले. जुनी घरे मात्र पूर्वीच्या टंचाईची साक्ष देतात.

दुष्काळी पट्ट्यातील माळवदाचे घर पाहावे. तुळयांवर किलचा आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर बेताच्या पावसातच टिकते. कोकणात ते एक पावसाळाही तगणार नाही. लाकूड दुर्मीळ, म्हणून तुळईच्या लांबीने 'खण' ठरतो आणि घर खणांनी मोजले जाते. जाड भिंती उन्हाला अडवितात. त्या जाडीतच कोनाडे, देवळ्या व फडताळे सामावतात. उजेड झरोक्यातून, मोजका येतो. खाली अंथरलेल्या घोंगडीचा काळा वा करडा रंग मेंढीचाच. तिला ताठपणा येतो तो चिंचोक्यांच्या खळीने. येथे शोभा वेगळी आणलेली नाही. ती गरजेच्या उत्तरातून आली आहे.

अमेरिकन चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ हिचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. न्यू मेक्सिकोतील अबिक्यू येथील पडके मातीचे घर तिने १९४५ मध्ये घेतले आणि १९४९ पासून ती त्या प्रदेशात कायमची राहिली. त्या घराच्या चौकातील भिंत व तिच्यातील दार हा तिच्या अनेक चित्रांचा विषय झाला. तिने भूमीचे दृश्य घरात आणून टांगले नाही. भूमीने घडविलेले घरच तिच्या चित्रदृष्टीला वळण देऊन गेले.

यावरून जुन्या घराचा निव्वळ गौरव करणे मात्र अप्रस्तुत होईल. ही घरे अंधारी व धुरकट असतात, माळवदाची डागडुजी वर्षानुवर्षे करावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. ज्या छपराने ऊन अडविले, तेच छप्पर जिवावर उठले. या घटनेनंतर माळवदाकडे केवळ सौंदर्यदृष्टीने पाहण्याचा अधिकार समीक्षकाला उरत नाही.

म्हणून अनुकरण रूपाचे नव्हे, तर विवेकाचे व्हावे. उजेडाचे मोजमाप, भिंतीच्या जाडीचा उपयोग, जवळच्या द्रव्याचा प्रामाणिक वापर आणि अनावश्यकाचा त्याग ही तत्त्वे नव्या, सुरक्षित बांधणीतही पाळता येतील. ती नसतील, तर वाळूच्या रंगाची भिंत म्हणजे केवळ रंगविलेली भिंत होय. आणि अवर्षणाने माणसाला जे शिकविले, त्याचा तिच्याशी काही संबंध राहत नाही.