पानांची बाजू

बागकामावरची इंग्रजी पुस्तकं कोल्हापुरात बसून वाचणं ही मोठी करमणूक आहे. ‘ऑटम’च्या अखेरीपर्यंत पानांची शोभा टिकवणारी झाडं, हे प्रकरण त्यांत हटकून असतं. आमचे रूपांतरकार ‘ऑटम’चा ‘शरद’ करून मोकळे होतात आणि शरदात पानं गळतात, असं आपल्याला छापील अक्षरांत कळतं. वास्तविक आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकता उघडलेला, झाडं तुकतुकीत. पानगळ आपल्याकडे शिशिरात. म्हणजे तिकडे पानांची निरवानिरव चालते तेव्हा इकडे ती ऐन भरात असतात!

शिवाय तिकडे पानांचा वैरी हिमाचा कडाका. कोल्हापुरात गुऱ्हाळं पेटली, कानटोप्या निघाल्या, तरी थंडी काही पानं मारण्याइतकी पडत नाही. इथं पानं मारतो तो बागेचा मालक.

क्रोटनचंच घ्या. भरपूर ऊन मिळालं तर ऐन पौषातही ते लाल, पिवळं, नारिंगी नटून उभं राहतं. पण शोभेचं झाड म्हणून आपण ते दिवाणखान्यात सोफ्याशेजारी नेऊन ठेवतो. बिचारं आधी हिरवं पडतं, मग पानं टाकतं. आपण म्हणतो, ‘थंडी बाधली.’ कोलियसला दिवाळीच्या सुमारास तुरे येतात. ते वेळीच खुडायचे, नाहीतर पानांचा कारभार आटोपला. पण फुलाला हात लावायचा आपल्याला जीव होत नाही.

कॅलेडियम तर तांबड्या-पांढऱ्या पानांचं, म्हणजे कोल्हापूरकराच्या अगदी घरचं. पाऊस सरला की ते पानं आवरतं आणि कंदात झोपी जातं. शेजारच्या वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, “गेलं की वो ते, भावजी! कुंडीत कोथिंबीर लावली.” तो कंद कोरडा जपला असता, तर उन्हाळ्याअखेर पुन्हा फुटला असता. पानं गेली म्हणजे झाड गेलं, हा न्याय फार घाईचा आहे.

मुळात पानांना आपल्याकडे वकीलच नाही. प्रदर्शनाचं नावसुद्धा पुष्पप्रदर्शन! गंमत म्हणजे डिसेंबरात सगळे ज्याचं ‘फूल’ वाखाणतात, त्या मेक्सिकोतल्या पॉइन्सेटियाची ती तांबडी पानंच. खरं फूल मधलं पिवळं, चिमुकलं. 1825 ते 1829 मेक्सिकोत अमेरिकेचे वकील असलेल्या पॉइन्सेटसाहेबांचं नाव त्याला मिळालं. एका पानाला वकील मिळाला, तोही फुलाच्या नावावर!

हे झाड रंगतं ते रात्री मोठ्या होतात म्हणून, आणि त्या रात्री अंधाऱ्या हव्यात. आमच्या गल्लीतलं एक झाड फाटकाजवळ, रस्त्यावरच्या दिव्याखाली आहे. ख्रिसमस उलटला तरी ते हिरवंगार. मालक रोपवाल्याला शिव्या देतात. मी सुचवलं, “आण्णा, दिवाळीपासून रोज संध्याकाळी त्याच्यावर खोका उपडा घाला, सकाळी काढा.”

आण्णा म्हणाले, “आणि संध्याकाळी पाव्हणं आलं तर खोका दाखवू व्हय?”