‘स्मृतिचित्रे’ आणि दातृत्वाचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या औदार्याची उदाहरणे आपल्या व्यासपीठांवरून याच ग्रंथाच्या आधारे दिली जातात. ती देताना एक गोष्ट मात्र गळून पडते. या हकिकती देणाऱ्याने सांगितलेल्या नाहीत; ज्या घरातून दान गेले, त्या घरच्या गृहिणीने त्या सांगितल्या आहेत.

हा भेद केवळ निवेदनाचा नाही. टिळकांचा हात सढळ होता आणि व्यवहाराचे भान बेताचे होते. उद्याची चूल कशी पेटेल हा प्रश्न बहुधा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या हे सारे हसत सांगतात, नवऱ्यावरील प्रेमात किंचितही उणेपणा येऊ देत नाहीत. त्यांच्या विनोदामुळे वाचक रमतो. पण त्याच विनोदाच्या आड त्यांनी खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे मांडून ठेवली आहे. उपदेशक जमेची बाजू तेवढी उचलतो आणि हकिकतीची साक्ष अर्धी करतो.

पवित्र शास्त्र ही दुसरी बाजू विसरत नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने ‘कुर्बान’ या प्रथेवर कठोर टीका केली आहे. आईबापांच्या हक्काचे द्रव्य देवाला अर्पण केल्याचे सांगून मोकळे होणाऱ्याचे दान त्याने दान मानले नाही. बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन टोल्यांवर आपण नेहमी बोलतो. पण त्याच्या लगेच आधी प्रभूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांविषयी इशारा दिला आहे, हे क्वचितच सांगतो. त्या विधवेने जे टाकले ते तिचे स्वतःचे होते. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८ मध्ये पौलही उत्सुकतेबरोबर समानतेचा आग्रह धरतो; एकाला आराम आणि दुसऱ्याला ओझे, असे त्याला नको आहे.

पांढुर्णा व सौंसर या भागांतील सेवकांना हा विचार दूरचा वाटू नये. येथे पैसा घरात दोन वाटांनी येतो. संत्र्याची बाग पुष्कळदा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याला दिली जाते. इसाराची रक्कम एकदम येते आणि सामान्यतः पुरुषाच्या हाती पडते. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मोजली जाते आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या कष्टाची असते. उपासनेत जाहीर होणारे मोठे अर्पण पहिल्या वाटेने येते. त्यामुळे घरात पडलेली तूट दुसऱ्या वाटेने भरून निघते. वहीत नाव एकाचे राहते. दशांशावर उपदेश करणाऱ्या पाळकाने या दोन्ही वाटा डोळ्यांपुढे ठेवाव्यात.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक दानापूर्वी घराची संमती घेत बसलो तर उदार माणूस कंजूष होईल. खुद्द ‘स्मृतिचित्रे’च या आक्षेपाला उत्तर देतात. टिळकांच्या घरी अनाथ मुले राहिली, बालकवी ठोंबरे राहिले. त्यांना वाढून घालणारा हात लक्ष्मीबाईंचा होता. म्हणजे त्यांचे मन कृपण नव्हते. विचारल्याने दान आटले असते असे मानण्यास ग्रंथात आधार नाही. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. जी शिजवते तीच देते. म्हणूनच ती प्रथा शतकाहून अधिक काळ टिकली आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली. त्या त्यागाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्या त्यागाची सांगता घर चालवणाऱ्या स्त्रीशिवाय झाली नसती, आणि तिने ते लिहून ठेवले म्हणूनच आपल्याला कळते. यापुढे टिळकांची हकिकत उपदेशात घेताना ती लक्ष्मीबाईंच्या तोंडून सांगावी. मंडळीतील एखाद्या बंधूने मोठे अर्पण आणले, तर ते स्वीकारण्यापूर्वी त्याच्या घरी जावे आणि सर्वांसमक्ष त्याविषयी बोलावे. घराने मिळून दिलेले थोडेही वेदीवर अधिक शोभेल.