रोमन सुवर्णनाण्यांवरील दैवतप्रतिमा आणि पश्चिम भारतातील त्यांचे अर्थांतर

रोमन सुवर्णनाण्याच्या मागील बाजूवरील दैवत ओळखले की प्रतिमेचा अर्थ उलगडला, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. ही भूमिका अपुरी आहे. नाण्यावरील पुराकथा ही श्रद्धेइतकीच राजसत्तेची भाषा होती. सम्राट टायबेरियसच्या (इ.स. १४ ते ३७) 'ऑरियस' या सुवर्णनाण्यावरील आसनस्थ स्त्री शांतिदेवता पॅक्स की राजमाता लिव्हिया, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि ही संदिग्धताच त्या प्रतिमेचे सामर्थ्य होय. देवता आणि राजघराणे यांतील सीमारेषा ती पुसून टाकते.

भारतात आल्यावर या भाषेचे स्वरूप पालटले. नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोरील घारापुरी बेटावर रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. नजीकच्या कल्याण बंदराचा उल्लेख पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात येतो. त्याच ग्रंथानुसार भडोच येथे रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी नफ्याने बदलली जात. म्हणजे नाणे हाच व्यापाराचा माल होता. दक्षिणेत पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरच छेद दिलेला आहे. तेर येथे रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती आढळल्या. सोने टिकले, दैवताची कथा मात्र मागे पडली.

याचा अर्थ नाण्यावरील प्रतिमेची राजकीय भाषा येथे अज्ञात होती, असा नव्हे. क्षत्रप नहपानाने चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे मुखचित्र व ग्रीक अक्षरांतील लेख घेतला. मागील बाजूस मात्र रोमन दैवत नाही, तर बाण व वज्र आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळालेल्या त्याच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या चिन्हांनी पुनर्मुद्रित केली. पराभूताच्या मुखावर विजेत्याचा पर्वत उमटला. याउलट उत्तरेत कनिष्काने आपल्या सुवर्णनाण्यांवर ग्रीक, इराणी व भारतीय दैवतांना एकत्र स्थान दिले.

म्हणून 'रोमन प्रभाव' या एकाच संज्ञेखाली धातू, मुखचित्र आणि पुराकथा यांना एकत्र बांधणे समीक्षादृष्ट्या सदोष ठरते. तसे केल्यास दख्खन केवळ अनुकरण करणारा प्रदेश ठरतो आणि काय स्वीकारावे व काय नाकारावे, हा त्याचा विवेक इतिहासातून लुप्त होतो.