मराठी गद्यातील विद्यापीठ : वसतिगृह, वर्ग आणि नाव

आधुनिक मराठी कादंबरीत विद्यापीठीय जीवन ठळकपणे आले ते वसतिगृहाच्या दाराने. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा नकाशा नुकताच बदलला होता. मुंबई (१८५७) आणि नागपूर (१९२३) या जुन्या विद्यापीठांच्या जोडीला १९४९ साली पुणे, १९५८ साली मराठवाडा आणि १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले होते. शेतकरी कुटुंबातील मुलगा गाव सोडून शहरात येतो, मनिऑर्डरीवर दिवस काढतो आणि परीक्षेच्या निकालावर घरातील आपली पत ठरताना पाहतो, हा अनुभव अनेक घरांत प्रथमच येऊ लागला होता. 'कोसला'चे ऐतिहासिक महत्त्व केवळ तिच्या शैलीत नाही. या नव्या विद्यार्थ्याला तिने त्याच्याच तोंडून बोलते केले, यातही ते आहे.

पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो. परंतु कादंबरीत आपल्याला तो शिकताना फारसा दिसत नाही. दिसते ते वसतिगृह, मेसचा हिशेब, मंडळांची चिटणिसकी, रात्रीच्या गप्पा, उधारी आणि अखेर परीक्षेतील अपयश. अध्यापक येतात ते बहुधा विक्षिप्त वा हास्यास्पद व्यक्ती म्हणून. ज्ञानाचा प्रश्न, म्हणजे एखाद्या विषयाने मनाचा ताबा घेणे वा एखाद्या ग्रंथाने दृष्टी बदलणे, येथे जवळजवळ उपस्थितच होत नाही. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द निवेदक ज्या तऱ्हेने वापरतो, त्यातूनच संस्थांच्या गंभीर भाषेतील पोकळपणा उघडा पडतो. वर्गाची ही अनुपस्थिती म्हणजे शिक्षणव्यवस्थेवरील टीका होय, असा अर्थ लावता येतो, आणि तो चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अपुरा अशासाठी, की शिक्षणाविषयीची ही उदासीनता कोणत्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न त्यात विचारला जात नाही. पांडुरंगच्या पाठीशी गावातील घर आहे, शेती आहे, पैसे पाठवणारे आणि त्याबद्दल जाब विचारणारे वडील आहेत. नापास झालेला मुलगा परत येऊ शकतो. हे परतणे सुखाचे नाही, हेही नेमाडे यांनी निःसंदिग्धपणे दाखवले आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने त्या घराचा कोवळेपणा आधीच संपलेला आहे, आणि गावही शहराइतकेच निरर्थक वाटू शकते. तरीही गाव आहे. किंबहुना ते त्याच्या आडनावातच आहे. कादंबरीच्या आरंभी निवेदक आपले नाव आणि वय सहज सांगून मोकळा होतो. त्या नावाला कोणी अडवत नाही. ते उच्चारताना त्याला काही सिद्ध करावे लागत नाही.

'कोसला'शेजारी कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) ठेवले, म्हणजे या सहजतेचे मोल कळते. महार कुटुंबातील एक मुलगी नागपुरात संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि तोच विषय शिकवू पाहते. येथे विद्यापीठ वसतिगृहाच्या दाराने येत नाही. ते थेट वर्गाच्या दाराने येते. कोणता विषय कोणी शिकावा, याचा शतकानुशतकांचा निवाडा त्या दाराशी उभा आहे. शाळेत मनापासून शिकवणारे गुरुजी भेटतात. विद्यापीठात तिच्या विषयनिवडीकडे संशयाने पाहणारेही भेटतात. पुढे लोक कौतुक करतात, परंतु त्या कौतुकातही 'या जातीत जन्मून संस्कृत येते' हे आश्चर्य असते, आणि ते आश्चर्यच लेखिकेला बोचते. उत्तम गुण मिळवूनही नोकरी मिळत नाही. ती मिळते ती आंतरजातीय विवाहानंतर, आडनाव बदलल्यावर. सोमकुवर या नावाने ज्या ज्ञानाला दार उघडले नाही, त्याच ज्ञानाला पावडे या नावाने उघडले, हे लेखिका स्वच्छपणे नोंदवते. शिक्षणव्यवस्थेची इतकी नेमकी चिकित्सा आपल्या कथात्म साहित्यात विरळाच आढळेल. आणि ती करणारी व्यक्ती ज्ञानाविषयी उदासीन नाही. ज्ञानावर तिचे उत्कट प्रेम आहे, म्हणूनच तिची चिकित्सा अधिक धारदार झाली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) नावाचा हा प्रश्न आणखी मुळाशी जातो. वडील सवर्ण पाटील, आई महार. विवाहाचे नाते नाही. अशा मुलाने शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लिहावे? फी-माफीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी, आणि सरपंचाला हा मुलगा नेमका कोणाचा म्हणून ओळखावा हे कळेना, हा प्रसंग वाचताना लक्षात येते की शिक्षणाचा खरा उंबरठा पुष्कळदा कार्यालयाच्या टेबलावर असतो. पांडुरंग सांगवीकर ज्या कागदांना हसून उडवून लावतो, त्याच कागदांवर लिंबाळे यांच्या निवेदकाचे अस्तित्व अडून राहते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील (१९८०) कैकाडी मुलापुढेही हाच पेच आहे. गाढवांच्या पाठीवर ज्यांचे घर, त्यांनी कायमचा पत्ता कोणता द्यावा?

कादंबरी आणि स्वकथन यांची अशी तुलना करता येईल काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो गंभीर आहे. कादंबरीतील निवेदक ही निर्मिती असते. त्याच्या उदासीनतेचा हिशेब लेखकाकडे मागता येत नाही. स्वकथनाला मात्र साक्षीचे मोल असते. परंतु येथे तुलना कलात्मक श्रेष्ठतेची नाही. दोन्ही प्रकारांतून एकाच संस्थेचे जे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते, त्याची ही तुलना आहे. त्यांपैकी एकच चित्र 'विद्यार्थिजीवनाचे' म्हणून स्वीकारावे आणि दुसरे 'दलित साहित्य' या वेगळ्या कप्प्यात ठेवावे, ही आपल्या अभ्यासक्रमांची सवय आहे. आक्षेप घ्यावयाचा तो या सवयीवर. कुमुद पावडे यासुद्धा विद्यार्थिनीच होत्या.

या ग्रंथांचा काळही बोलका आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले होते. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तरीही ठरावानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव प्रत्यक्षात आले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. 'बलुतं' १९७८ चे, 'उपरा' १९८० चे, 'अंतःस्फोट' १९८१ चे, 'अक्करमाशी' १९८४ चे. विद्यापीठाच्या नावासाठी संघर्ष चालू होता त्या काळातच, शिकलेल्या माणसाच्या नावाचा प्रश्न ही स्वकथने मांडत होती. एकाने दुसरे घडवले असे म्हणता येणार नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : ज्ञानाच्या वास्तूवर कोणाचे नाव शोभते, आणि ते कोणी ठरवायचे?

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की नेमाडे स्वतः 'कोसला'वर थांबले नाहीत. १९७५ पासून आलेल्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील हा अध्यापक आहे. लहान शहरांतील महाविद्यालये, संस्थाचालकांची मर्जी, स्टाफरूममधील जातवार गट, भाड्याच्या खोल्या, अस्थिर नोकऱ्या यांचे तपशील येथे विपुल आहेत. 'कोसला'त जी संस्था बाहेरून हास्यास्पद दिसत होती, ती येथे आतून दिसते. जात ही महाविद्यालयाच्या कारभाराची चालती यंत्रणा आहे, हे या कादंबऱ्यांनी मराठी मध्यमवर्गीय वाचकाला सांगितले. मात्र चांगदेवालाही सोडून जाण्याची मुभा आहे. एक गाव नकोसे झाले की तो बिढार हलवतो. नोकरीसाठी आडनाव बदलण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. दोन्ही परंपरांतील हे अंतर पुसता येत नाही, आणि पुसूही नये.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तके एकाच फळीवर ठेवून वाचावीत, अशी सूचना करावीशी वाटते. 'कोसला' वाचून संस्थेच्या पोकळ भाषेला हसता आले पाहिजे. 'अंतःस्फोट' वाचून, आपण ज्या वर्गात बसून हसतो तेथे बसण्यासाठी कोणी काय मोजले, हेही कळले पाहिजे. केवळ पहिले वाचले तर विद्यापीठ ही टाकून देण्याजोगी वस्तू वाटेल. केवळ दुसरे वाचले तर ते निव्वळ जिंकावयाचा गड वाटेल. दोन्ही मिळूनच त्याचे वास्तव हाती येते.

आज खानदेशातील विद्यार्थ्याला विद्यापीठासाठी पुणे गाठावेच लागते असे नाही. जळगावात १९९० साली स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरी या निरक्षर कवयित्रीचे नाव धारण करते. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. प्रवेशद्वारांवरील नावे बदलली, हा मोठाच पालट आहे. पण आत शिरणाऱ्याला त्याचे स्वतःचे नाव अजूनही कोणत्या स्वरात विचारले जाते, हे शासकीय ठरावावरून समजत नाही. ते लिहावे लागते. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाची आणि पदवी हाती घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षे घालवणाऱ्या मुलामुलींची कादंबरी जो कोणी लिहील, त्याला 'कोसला'चा कान आणि 'अंतःस्फोट'ची नजर या दोहोंचीही गरज पडेल.